निम्म्याहून जास्त

३ एप्रिल

पश्चिमेकडून आलेल्या गारेने छपराच्या पूर्वेकडचा कवेलू, म्हणजे कौल, फुटतो का? दिवसभर विचार करते आहे, मला उत्तर येत नाही. बी.ए.ला भूगोल घेतला होता. आभाळात गार कशी तयार होते ते आकृती काढून लिहिलं होतं. खाली आल्यावर ती काय काय करू शकते ते कोणी शिकवलं नाही.

आज कोलूकाकाच्या घराची मोजणी केली. पश्चिमेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या उतारावर, फारसं काही उरलंच नाही. आत उभं राहून वर बघितलं की आभाळ दिसतं. पण पूर्वेच्या पाख्यावरचेही कवेलू फुटलेले. आणि कुठले, तर वळचणीच्या शेवटच्या दोन ओळींतले, जिथे माणसाचा हात पोचतो. त्याच्या वरचे सगळे धड.

"काका, हे कशानं फुटले?"

"गारानं."

"पन वारा तं तिकडून होता."

"मंग वळून आला असंन." काका विडी पेटवत म्हणाला. मग धूर सोडून हसला. "तुहा नियम चांगला आहे मॅडम. आडव्या घराले तं लयच चांगला आहे."

टोमणा होता एवढं कळलं. कशाबद्दल, ते कळलं नाही.

उद्या माझ्यावरच कोणी शंका घेतली तर दाखवता यावं म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून ठेवते.

गारपीट मार्चच्या शेवटी झाली, ऐन मोहफुलं पडायला लागली तेव्हा. आवळ्याएवढ्या गारा, काही कोंबडीच्या अंड्याएवढ्या. गेल्या काही वर्षांत हे होतच आलं आहे. दर वेळी लोक कवेलू फेरतात, दर वेळी नवे फुटतात. म्हणून या वेळी ग्रामसभेने ठरवलं की आपल्या जंगलाच्या बांबूचे आलेले पैसे छपरांना लावायचे आणि टिनाचे पत्रे टाकायचे. पैसे जेमतेम चौदा घरांना पुरतात. गावात घरं सव्वीस. कोणाला द्यायचं यावर सकाळपासून नुसती कुजबुज चालली होती. तेव्हा मी उभी राहिले.

मी ग्रामसभेत कधी बोलले नव्हते. पाय कापत होते. मी म्हणाले, ज्याचे निम्म्याहून जास्त कवेलू फुटले त्याला पूर्ण छप्पर मिळावं, बाकीच्यांनी दुरुस्ती करून घ्यावी. नातं बघायचं नाही, ओळख बघायची नाही, फक्त नुकसान बघायचं.

आमच्या ग्रामसभेत मतं मोजत नाहीत. एक जण जरी नाही म्हणाला तरी ठराव होत नाही, मग तो एक जण कोणीही असो. झिंगूभाऊ आमचे गायता, गावाचं देवाधर्माचं तेच बघतात आणि सभेतही त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांनी तीनदा विचारलं, "कोन्याचं नाई आहे का?" कोणी बोललं नाही. म्हणजे सव्वीस घरांनी माझा नियम मान्य केला. मोजणी करून अंदाजपत्रक करायचं कामही मलाच दिलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि पहिल्याच दिवशी हे. बाबा सबंध वेळ मान खाली घालून बसले होते. त्यांना भरून आलं असणार.

६ एप्रिल

आज आठ घरं झाली. सात घरी तेच. पश्चिमेचं पाखं गेलेलं, आणि पूर्वेचे वळचणीचे चार-दोन कवेलू फुटलेले. जेवढे फुटले की निम्म्याच्या वर जातं, बरोबर तेवढेच. कुणाकडे एक जास्त नाही की एक कमी नाही. गारा इतका हिशेब करून पडतात का?

एका घरी फुटलेल्या कवेलूची कड बोटाने चाचपली. आतून लालभडक, ताजी. गारपिटीच्या कवेलूंच्या कडांवर एव्हाना धूळ बसली आहे.

विचारलं की सगळे हसतात. पोरं अंगणात थांबून माझ्याकडे बघतात आणि आईच्या पदरात तोंड लपवतात. आणि मी आले की बायका गोंडीत बोलायला लागतात, तेही भरभर. त्यांना माहीत आहे मी पहिलीपासून आश्रमशाळेत आणि वसतिगृहात होते, माझी गोंडी लंगडी आहे. घरीसुद्धा तेच. काल चुलीपाशी आई आणि बाबा बोलत होते, मी आत गेले तर बोलणं थांबलं. नंतर आई म्हणाली, "भाजीत मीठ कमी झालं का वं?" भाजी अजून वाढलीच नव्हती.

एकच घर खरं निघालं. रुखमाकाकीचं. काकी एकटी राहते. तिच्या घरामागे पश्चिमेला मोठी चिंच आहे, तिने सगळी गार अंगावर घेतली.

"माह्यावाले एकबी नाई फुटले बाई," काकी म्हणाली. "चिचेनं राखलं मले. तू लिहून टाक, नाई फुटले."

मी वर बघितलं. खरंच एकही फुटला नव्हता. आढं थोडं मधून वाकलेलं होतं, जुनं घर आहे. खोलीच्या मध्ये एक बांबू उभा ठोकला होता. विचारलं तर म्हणाली, दोरी बांधायला. दोरी बांधलेली नव्हती. अंथरूण ओसरीवर, बकरीच्या खुंटीजवळ होतं आणि चूलही ओसरीवरच. आत मातीवर पिठासारखी भुकटी सांडली होती. उन्हाळ्याचं आत उकडत असेल.

मी काकीला म्हणाले, "काकी, गावात तू एकटीच खरं बोललीस."

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "मंग, मले का लागते? एक जीव."

तिचं नाव मी वगळलं. मनाला बरं वाटलं नाही, पण नियम काकीला वेगळा आणि कोलूकाकाला वेगळा, असं करायला लागलो तर मग मी शिकले कशाला?

९ एप्रिल

पत्र्यांचे भाव काढायला वडशाला गेले. तीन दुकानं फिरले. शेवटी स्टेशनकडच्या मन्सूरभाईंच्या दुकानात. आमच्या भागातले बहुतेक लोक त्यांच्याकडूनच माल नेतात. म्हणूनच मी त्यांना शेवटी ठेवलं.

"आओ बेटी. दसरूभाऊची पोरगी ना तू? चाय बोलू?"

चहा घेतला नाही. चहा घेतला की भाव करताना जीभ अडते. मी पिशवीतून नदीतला गोटा काढला, मुद्दाम गारेएवढा शोधून नेला होता.

"भाई, हा मारून पाहू का पत्र्यावर?"

मन्सूरभाईंनी गोट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग नोकराला पत्रा उभा करायला सांगितलं. मी दहा पावलांवरून फेकला. तो पत्र्याला न लागता रंगाच्या डब्यांवर गेला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली.

"गार अशी आली अस्ती तं तुमचं गाव वाचलं अस्तं," मन्सूरभाई म्हणाले.

दुसरा लागला. थोडा खड्डा पडला, छेद गेला नाही. मग त्यांनी स्वतःच एक पातळ पत्रा काढून दिला. "आता याच्यावर मार. हे सस्ते वाले. हे नोको नेजो." त्याला खोल खड्डा पडला आणि रंग उडाला.

दुकानदार स्वतःच्या मालाची खोट स्वतःहून दाखवतो तेव्हा जास्त सावध राहिलं पाहिजे, असं मला वाटतं.

भाव बाकी दोन दुकानांपेक्षा कमी सांगितला. इतका कमी का, विचारलं. तर म्हणाले, "सव्वीस घरांचा माल एकदम उचलता ना. मग द्याच लागते."

"सव्वीस नाई, चौदा. तेही झाले तं."

त्यांचा हात गणकयंत्रावर थांबला. "दसरूभाऊ तो सव्वीस बोले. थोडा थोडा सबको, असं म्हणे. सोमवारी आलते ना."

सोमवारी बाबा बैलाच्या औषधाला जातो म्हणून गेले होते.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसले. सव्वीस घरांच्या मालात मधल्या माणसाला काही सुटत असेल का? बाबांना असं काही सुचणार नाही. पण सुचवणारे असतात. ते आयुष्यात माझ्याशी खोटं बोललेले मला आठवत नाहीत, आणि औषधाची बाटली मी घरात कुठे बघितली नाही.

१० एप्रिल

बाबांच्या तळहाताला चिंधी बांधलेली आहे.

"कशानं कापलं?"

"कवेलूनं."

"कोन्याच्या?"

ते बैल सोडायला निघून गेले. कवेलू आमच्या घराचेही फुटले आहेत, पण त्यांना अजून कोणी हात लावलेला नाही. आमचं घर गावात वेगळं पडतं. बाकीची सगळी रस्त्याकडे तोंड करून आहेत, आमचं आजोबांनी बोडीकडे, म्हणजे गावतळ्याकडे, तोंड करून बांधलं, सगळ्यांना आडवं. म्हणून वारा आमच्या दोन्ही पाख्यांना घासून गेला आणि दोन्हीकडचे कवेलू गेले. निदान आमच्या नुकसानाबद्दल कोणी बोट दाखवू शकत नाही. ते धडधडीत गारेचं आहे.

१३ एप्रिल

हे आजच्या आज लिहून ठेवते आहे.

आज पहाटे आईने मोहफुलं वेचायला मला सोबत नेलंच पाहिजे म्हणून हट्ट धरला. एरवी ती मला झोपू देते. आम्ही लांब, नाल्यापलीकडच्या झाडांकडे गेलो. रुखमाकाकीही सोबत होती, तिलाही आईनेच बोलावून घेतलं. ऊन चढल्यावर टोपल्या घेऊन परतलो, तर काकीच्या घराला छप्पर नव्हतं.

कवेलू नाहीत, वासे नाहीत, आढं नाही. चार मातीच्या भिंती आणि मधला तो बांबू.

बाबा, कोलूकाका आणि झिंगूभाऊंचे दोन्ही मुलगे बोडीच्या पाळीवर हात धूत होते.

"काय झालं इथी?" मी ओरडलेच.

"वानरं आलते," कोलूकाका म्हणाला.

"वानरं. लय होते," झिंगूभाऊंचा मोठा मुलगा म्हणाला.

बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "हो. वानरं."

वानरं कवेलू फोडतात हे लहान पोरालाही माहीत आहे. पण वानरं धड कवेलू काढून चिंचेखाली ओळीने रचून ठेवत नाहीत. वासे लांबीप्रमाणे लावून ठेवत नाहीत. दारात फुटक्या तुकड्यांचा ढीग होता, त्यातला एक उचलला. त्यावर चुन्याचे पट्टे. काकीच्या कवेलूंवर कधी चुना लागलेला नाही. गावात चुन्याचे पट्टे एकाच घरावर आहेत, कोलूकाकाच्या. म्हणजे त्याच्या घरचे फुटके तुकडे इथे आणून टाकले, आणि इथले धड कवेलू रचून ठेवले. न्यायला. दुसरं काय असणार?

काकीने डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मग बाबांकडे गेली आणि गोंडीत त्यांना किती तरी वेळ बोलत राहिली, रागाने, हातवारे करून. बाबांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला त्यातलं एकच कळलं. दीपी, हे माझं नाव दोनदा आलं.

काकी आता आमच्याकडे राहते आहे. आईजवळ झोपते. मी विचारलं, "काकी, तुले कोनावर शक आहे? मी लिहून देतो, पोलीस पाटलाकडे जाऊ."

"वानरावर कुठी जातेस केस करत?" असं म्हणून ती कुशीवर वळली. तिचे खांदे हलत होते. रडत होती की हसत होती, कळलं नाही.

मी एका एकट्या बाईच्या घरावर असा घाला पडू देणार नाही. परवा ग्रामसभा आहे. बाबा असोत नाहीतर आणखी कोणी.

१५ एप्रिल

ग्रामसभा झाली. मी सगळं उभी राहून वाचलं.

मी सांगितलं की वळचणीचे फुटलेले कवेलू मी धरलेले नाहीत, कारण ते गारेने फुटलेले नाहीत. ते कशाने फुटले ते फोडणाऱ्यांना माहीत आहे. रुखमाकाकीचं छप्परही धरलेलं नाही, कारण मोजणीच्या दिवशी ते धड होतं, मी स्वतः पाहिलं. त्याची चौकशी वेगळी झाली पाहिजे.



"मंग तुह्या नियमात किती घरं बसते?" झिंगूभाऊंनी विचारलं.

"एक."

"कोन्याचं?"

हे मी आदल्या दिवशीच काढलं होतं. आकडा आकडा असतो, त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. उलट आपल्याकडे तरी शंकेला जागा नाही याचं समाधान वाटलं होतं. पण ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा कसं ऐकू आलं, ते इथे लिहिता येत नाही.

"आमचं," मी म्हणाले.

मला वाटलं कोलूकाका हसेल. तो हसला नाही. तो जमिनीकडे बघत काडीने रेघा ओढत राहिला. त्याची बायको गुलाबकाकी पदर सावरून उठली. झिंगूभाऊ म्हणाले, "नियम आहे. सगळ्याईनं मानला. बसते तं बसते. चला, मोह वाळू घालाचा आहे." आणि सगळे उठून गेले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

बाबा सभेला आलेच नव्हते.

१६ एप्रिल

आडवं घर.

१७ एप्रिल

सकाळी अंगणात आई मोहफुलं पसरत होती. काकी बकरी घेऊन गेली होती. मी आईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमी सगळे मले फसवून राह्यले."

"हो," आई म्हणाली आणि फुलं पसरत राहिली.

मी रडायला लागले. तिने हात पदराला पुसले, पण मला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "रडू नोको, आइक. गारा एकाच बाजूनं येते. मंग एकाच बाजूचं फुटते. निमं. निम्म्याहून जास्त कोन्याचं फुटंन?"

"आपलं."

"ते तुले त्याच दिवशी दिसाले पाह्यजे होतं."

"तुमाले दिसलं होतं?"

"सगळ्याईले दिसलं."

"मंग नाई काऊन नाई म्हनलं कोनी? झिंगूभाऊनं तीनदा इचारलं!"

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी चपला उलट्या घालून आले की बघायची. "गावातली पयली पोरगी उभी झाली बोलाले. पाय लटलट करत होते तुहे. तुले पयल्याच दिवशी नाई म्हनाचं? झिंगूभाऊ घरी येऊन म्हने, राहू द्या, कवेलू काय, फोडता येते."

मी पुढ्यातली फुलं पसरायला लागले.

"सगळे तेवढे चांगले होते असं समजू नोको," आई म्हणाली. "गुलाब हातपंपावर म्हने, शिकली तं घर भराले शिकली. तुह्या बाबानं आइकलं ते. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन घरोघरी गेला. म्हने, भाऊ, आमच्या पोरीच्या नियमात बसा, तुमच्या पाया पडतो. कोनी फोडू दे, कोनी नोको म्हने. कोलूच्या घरचे तं यानंच फोडले, मंग शेवटच्या घरी हात कापून घेतला. आता सारं गाव नियमात बसलं तं पैसे पुरते नाई, म्हून वडशाले गेलता, थोडं थोडं सगळ्याले होते का इचाराले."

"आन् काकीचं?"

आई उठली. मला हाताला धरून काकीच्या घरी घेऊन गेली. ओळीने ठेवलेल्या वाशांपैकी एक उचलायला सांगितला. मी उचलला तो मधून दुमडला आणि हातात भुकटी आली. उदईने, म्हणजे वाळवीने, सगळं आतून खाल्लं होतं, वर नुसती साल होती. सगळ्या वाशांचं तेच. त्या दिवशी काकीच्या खोलीत जे मी मातीवर सांडलेलं बघितलं, ते हेच होतं. आणि मी लिहिलं, आत उकडत असेल.

"पहिल्या पान्यात बसलं अस्तं खाली," आई म्हणाली. "म्हून उतरवलं, आन् नियमात बसावं म्हून कोलूकडचे फुटके आनून टाकले. काकी काई मांगत नाई कोनाले. तू तिचं नाव काटलं, आन् ते सगळ्या गावाले सांगत फिरे, पोरगी कशी इमानदार आहे, माह्यावालं लिहिलं नाई म्हने."

"मंग त्या दिवशी बाबाले काऊन बोलली?"

"म्हने, पोरीचा नियम मोडाचा नव्हता. दीपीले काय वाटंन."

आणि मी त्या सगळ्यांवर पोलीस पाटील आणणार होते.

१८ एप्रिल

बाबांच्या हाताची चिंधी आज मी बदलली. जखम भरत आली आहे. मी गाठ मारत होते. तेव्हा बाबा म्हणाले, "मन्सूरभाईचा पत्रा चांगला आहे का?"

मी म्हणाले, "चांगला आहे. गोटा मारून पाह्यला."

"लागला का?"

"दुसऱ्यांदा."

ते हसले. मग म्हणाले, "सभेत आलो नाई म्हून राग मानू नोको."

मला वाटलं होतं ते माझ्या बाजूने नाहीत म्हणून आले नाहीत. ते आपलं घर नियमात बसलेलं ऐकायला येऊ शकत नव्हते.

अजूनही मनातली पाल चुकचुकते आहे, ती आता दुसऱ्याच जागी. गुलाबकाकीला तसं वाटलं, ते आणखी किती जणांना वाटलं? मी कोणाला विचारलं तर कोणी खरं सांगणार नाही. वानरं म्हणतील. माझ्याशी भांडायचं नाही असं सगळ्या गावाने ठरवून टाकलं आहे, आणि ज्याच्याशी कोणी भांडत नाही तो गावातला नसतो, पाहुणा असतो.

आज नवीन अंदाजपत्रक मांडलं. संशयाने मोजताना मी प्रत्येक घराची पाखी वेगवेगळी मोजली होती, ते आता कामाला आलं. पूर्ण छप्पर कुणालाच नाही. पश्चिमेच्या पाख्यावर पत्रा, आणि तिथले उरलेले धड कवेलू पूर्वेला. सव्वीसच्या सव्वीस घरांना. रुखमाकाकीला दोन्ही पाखी. पैसे बसतात, हूक आणि टेम्पोचं भाडंही निघतं. काकीचे वासे आपल्या जंगलातून.

पण जुना ठराव उभा आहे. सगळ्यांनी मानलेला. तो असेपर्यंत हे कागदच.

२१ एप्रिल

करून आले, मग लिहायला बसले.

झिंगूभाऊंकडे जाऊन मी ग्रामसभा बोलवायला लावली. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, छपराच्या ठरावाबद्दल पुन्हा विचारा, कोणाचं नाही आहे का. ते म्हणाले, "आता काय इचारतेस? झालं ते."

"तरी इचारा."

आज मोहफुलं वाळत टाकून झाल्यावर सगळे जमले. बाबाही आले, मागे उभे राहिले. झिंगूभाऊंनी ठराव सांगितला आणि कंटाळल्यासारखं विचारलं, "कोन्याचं नाई आहे का?"

"माह्यं आहे," मी म्हणाले.

कोणाला वाटलं मी चुकून बोलले. गुलाबकाकीने शेजारणीला कोपर मारलं.

"नियम माह्यावाला आहे, आन् माह्यंच नाई आहे," मी म्हणाले. "तो फक्त आमच्या घराचा नियम होता. मले तवा दिसलं नाई. तुमाले दिसलं होतं आन् तुमी बोलले नाई, हे बी बरं केलं नाई." शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं, तोंडातून गेलं.

झिंगूभाऊंनी नाक खाजवलं. "एक नाई आलं. ठराव पडला." मग थोडं थांबून म्हणाले, "पुढं बोल."

मी नवीन हिशेब वाचला. पहिलं पान संपायच्या आत कोलूकाका उठला.

"नाई. माह्या घराचं पश्चिमेचं पाखं मोठं आहे. सगळ्याले सारखे पत्रे कसे पुरंन? मोजलं का तू नीट?"

"मोजलं."

"वळचनीचंच मोजलं तू! वर कधी पाह्यलं?"

लोक हसले. मी पण हसले, आणि मग मला फार राग आला, आणि आम्ही भांडलो. त्याचं पाखं खरंच हातभर मोठं निघालं. मग दुसरा उठला, त्याला पत्र्याऐवजी कवेलूच पाहिजेत, उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव जातो म्हणे. तिसरीने विचारलं, वासे कापायला कोण कोण जाणार, की ते पण दसरूच्याच हातानं कापायचे? गुलाबकाकी म्हणाली, "याईच्या घराचे दोनी पाखे फुटले, याइले दोनी द्या." बाबा मागून म्हणाले, "नाई." मी समोरून म्हणाले, "नाई." दोघांचं एकदम झालं. झिंगूभाऊ ओरडले, "एकेकानं नाई म्हना!"

काकीच्या दोन पाख्यांना मात्र कोणी काही म्हणालं नाही. फक्त काकी म्हणाली, "माह्यं काऊन दोनी?" आणि कोलूकाका तिला म्हणाला, "बस वं तू."

ऊन उतरेपर्यंत चाललं. माझ्या हिशेबात किती तरी ठिकाणी खोडलं गेलं. ज्याला कवेलू पाहिजेत त्याला इतरांचे उरलेले कवेलू, त्याचे पत्रे कोलूकाकाच्या मोठ्या पाख्याला. आमच्या दुसऱ्या पाख्याला काकीचे चिंचेखालचे कवेलू. शेवटी झिंगूभाऊंनी तीनदा विचारलं. तीनही वेळा मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, अगदी टक लावून, कोणी गिळून तर टाकत नाही ना म्हणून. गुलाबकाकी म्हणाली, "अवं पाहू नोको अशी, नाई आहे नाई माह्यं."

पाय कापत नव्हते. गावात फोनला रेंज फक्त बोडीच्या पाळीवर येते. तिथे जाऊन मी मन्सूरभाईंना फोन लावला आणि माल सांगून टाकला, जाड पत्र्यांचा, रुखमाकाकीचा टेम्पो पहिला.